‘पॅसेज कळतो, पण उत्तर चुकतं’: वाचकांचे प्रश्न, मॅडमची उत्तरं

मागच्या अंकात "इंग्लिशच्या अभ्यासाबद्दल विचारा" असं छापलं तेव्हा मला वाटलेलं ग्रामरचेच प्रश्न येतील, टेन्स, व्हॉइस, प्रिपोझिशन वगैरे. आले ते जवळजवळ सगळे अनसीन पॅसेज (म्हणजे पुस्तकाबाहेरचा उतारा) आणि रिव्ह्यू यांच्यावर. बरंच झालं म्हणा, कारण दोन्हीकडे मुलं एकाच ठिकाणी अडकतात असं माझं मत आहे, ते उत्तरांत येईलच. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, नुसता नाशिक आणि आसपासचा एरिया.

प्रश्न: मॅडम नमस्कार. मुलगी दहावीला आहे, मराठी मीडियम. इंग्लिशचा पॅसेज वाचते, मला मराठीत अर्थ पण सांगते म्हणजे कळतं तिला, पण उत्तरं लिहिली की अर्धी चुकतात. दोन गाइडं आणलीत, रोज एक पॅसेज सोडवून घेते तरी फरक नाही. गोष्टीचा पॅसेज असला तर जमतं, माहितीचा आला, शेतीचा, पर्यावरणाचा, की गडबड. काय करू? (एक आई, इंदिरानगर)

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे ती गाइडं थोडे दिवस माळ्यावर टाका. गाइडमधे पॅसेज संपला की लगेच खाली उत्तर, पोरं अर्धा पॅसेज वाचून तिकडेच बघतात आणि मग "हो हो हेच येणार होतं मला" म्हणतात. यात सोडवणं होतच नाही, नुसतं मान डोलावणं होतं.

आता मुख्य गोष्ट. ती मराठीत अर्थ सांगते म्हणजे तिला वाक्यं कळतात, एकेक, सुटी सुटी. गोष्टीत तेवढं चालून जातं कारण पुढे काय झालं यावर गोष्ट आपोआप सरकते. माहितीच्या पॅसेजमधे वाक्यं एकमेकांना बांधलेली असतात, हे झालं म्हणून ते झालं, इकडे असं आहे पण तिकडे तसं नाही, आणि मधेच लेखक हळूच स्वतःचं मत पण सरकवून देतो. प्रश्न येतो तो या बांधणीवर, आणि मुलं काय करतात तर प्रश्नातला एखादा शब्द पकडतात, पॅसेजमधे तो शोधतात आणि सापडलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून मोकळी होतात.

उदाहरण देते. हा पॅसेज मी मुलांसाठी मुद्दाम असा लिहिलाय की शब्द शोधणारा त्यात फसलाच पाहिजे: "द रब्बी अनियन कीप्स वेल, सो फार्मर्स अराउंड लासलगाव स्टोअर इट इन व्हेंटिलेटेड शेड्स अँड वेट फॉर अ बेटर प्राइस. द खरीप अनियन होल्ड्स मोअर मॉइश्चर अँड रॉट्स सून. स्टोरेज इज ऑल्वेज अ गॅम्बल, बट इट इज द ओन्ली पॉवर अ स्मॉल फार्मर हॅज इन द मार्केट." तीनच वाक्यं. आणि प्रश्न: "व्हाय कान्ट अ फार्मर वेट विथ द खरीप अनियन?"

'वेट' शब्द पहिल्या वाक्यात आहे, मुलं झटकन पहिलं वाक्य उतरवतात, आणि ते तर रब्बीच्या कांद्याबद्दल आहे! खरं उत्तर दुसऱ्या वाक्यात, तिथे 'वेट' कुठेच नाही. ओलावा जास्त, लवकर सडतो, म्हणून थांबता येत नाही, हे 'म्हणून' मुलाने स्वतः जोडायचं असतं. गंमत बघा, निफाड-चांदवडकडची मुलं, ज्यांच्या दारात कांदाचाळ आहे, त्यांना तोंडी विचारलं तर लगेच सांगतात, "मॅडम लाल कांदा चाळीत कोण टाकतं, उन्हाळ कांदाच टाकतात ना." (लाल म्हणजे खरीपाचा, उन्हाळ म्हणजे रब्बीचा.) आणि पेपरात मात्र पहिलंच वाक्य लिहून येतात, कारण इंग्लिशच्या तासाला आपल्याला माहीत असलेलं वापरायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तर उपाय. तिने कुठलंही उत्तर दिलं, बरोबर असो की चूक, तुम्ही एकच विचारायचं, "कशावरून?" तिने पॅसेजमधल्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर अंदाजपंचे आहे. तुम्हाला स्वतःला इंग्लिश फार येत नसलं तरी हे विचारता येतं, म्हणूनच सांगतेय. आणि बरोबर उत्तरालासुद्धा विचारा, नाहीतर तिला कळेल की आई विचारतेय म्हणजे चुकलंय आणि ती लगेच उत्तर बदलेल, पोरं फार हुशार असतात त्यात.

दुसरं, पेन्सिलने दोन प्रकारच्या रेघा. जे तपासता येईल त्याच्याखाली सरळ रेघ, जे लेखकाला वाटतं त्याच्याखाली नागमोडी. वरच्या पॅसेजमधे खरीप कांदा लवकर सडतो ही सरळ रेघ. 'ओन्ली पॉवर' वगैरे नागमोडी, कारण दुसरा कुणी म्हणेल की शेतकरी कंपनी काढली, थेट व्यापाऱ्याला विकला, तर ती पण ताकदच झाली की. ही सवय आधी मराठी पेपरवर लावा. डिसेंबर २०२३ मधे केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या पेपरांत पहिल्या पानावर बातमी आणि आत अग्रलेख, दोन्ही एकाच गोष्टीवर, पण रेघा मारून बघितल्या की एक पान जवळजवळ सरळ आणि दुसरं सगळं नागमोडी. आज सुद्धा कुठलाही विषय घ्या, हेच दिसेल. मराठीत हात बसला की तोच विषय इंग्लिश पेपरात वाचायचा, म्हणजे विषय ओळखीचा असतो आणि फक्त भाषेशीच भांडावं लागतं. घरी दोन पेपर परवडत नसतील तर सार्वजनिक वाचनालयात बसा, १८४० पासून चालू असलेली संस्था आहे ती आपल्याकडे, आणि दहावीची मुलं तिथे फक्त अभ्यासाला जागा मिळते का एवढंच बघायला जातात, पेपरांच्या टेबलाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

अडलेल्या शब्दासाठी लगेच मोबाईल नको. 'मॉइश्चर' माहीत नाही, ठीक आहे, पण पुढे 'रॉट्स' आहे, ज्याच्यामुळे कांदा सडतो ते काय असेल? पाणी, ओल, असलंच काहीतरी ना. एवढा अंदाज परीक्षेत पुरतो, आणि मोबाईल परीक्षेत मिळणार नाहीये. 'रॉट्स' पण माहीत नसेल तर मग शब्दसंग्रहावरच काम करावं लागेल, ते वेगळं.

मार्कांचं पण सांगते. तुमच्या मुलीच्या कृतिपत्रिकेत अनसीन पॅसेजवर १० मार्कांच्या पाच कृती असतात आणि त्याच पॅसेजची समरी ५ मार्कांना, म्हणजे एक पॅसेज नीट वाचला तर १५ मार्क. पाच कृतींपैकी पहिली सोपी असते, शोधून लिहायची. दुसरी जोडून लिहायची, कांद्यासारखी. मग शब्द, मग ग्रामर. आणि शेवटची पर्सनल रिस्पॉन्स, २ मार्कांची, ती मुलं एकतर सोडतात नाहीतर पॅसेजमधलीच वाक्यं परत लिहितात. तिथे तर चक्क स्वतःचं मत विचारलेलं असतं! "तू शेतकरी असतास तर कांदा साठवला असतास की विकला असतास?" असं आलं तर साठवला किंवा विकला, काहीही लिहा, पण लगेच पुढच्या वाक्यात कारण हवं आणि तिसऱ्यात एखादं उदाहरण. परत तेच, कशावरून.

रोज एक पॅसेज सोडवण्यापेक्षा आठवड्यात दोन करा, पण असे की तिनेच त्यावर प्रश्न काढायचे आणि तुम्ही उत्तरं द्यायची. तुमचं उत्तर चुकलं की तिला जो आनंद होतो ना, त्यात तिचा अभ्यास होऊन जातो.

प्रश्न: मॅम समरी आणि रिव्ह्यू सेमच असतं का? आमच्या वर्गातल्या मुलाने समरीत "आय लाइक धिस पॅसेज" लिहिलं आणि टीचर ओरडल्या. (दहावी, पंचवटी)

उत्तर: ओरडल्या ते बरोबरच केलं. समरीत तुला काय वाटतं ते कुणीही विचारलेलं नसतं बाळा, लेखक काय म्हणाला तेवढंच, थोडक्यात, साधारण एक तृतीयांशात, तुझ्या शब्दांत, उदाहरणं आणि आकड्यांची गर्दी काढून, वर एक शीर्षक. रिव्ह्यूमधे उलट, तुला काय वाटलं आणि ते का वाटलं हेच मुख्य, विषयाची माहिती फक्त समोरच्याला संदर्भ लागण्यापुरती. तुझ्या त्या मित्राला सांग, ते वाक्य खोडू नको, पर्सनल रिस्पॉन्समधे नेऊन टाक, फक्त का आवडला ते पण लिही.

प्रश्न: मी बारावी कॉमर्सला आहे. रायटिंग स्किल्समधे रिव्ह्यू येतो, फिल्मचा नाहीतर बुकचा, ४ मार्क. क्लासचे सर म्हणाले एकच रिव्ह्यू पाठ करा, पिक्चरचं नाव फक्त बदला, सगळीकडे चालतो. मी लिहिलेला सोबत पाठवतोय, जरा बघता का? (कॉलेज रोड)

उत्तर: बघितला. आधी तू लिहिलेलं वाचकांसाठी देते: "धिस मूव्ही इज व्हेरी नाइस. द हीरो डिड सुपर्ब अ‍ॅक्टिंग. द म्युझिक इज मेलोडियस. द स्टोरी इज व्हेरी इंटरेस्टिंग अँड इट गिव्ह्ज अ गुड मेसेज टू द सोसायटी. एव्हरीवन मस्ट वॉच धिस मूव्ही विथ फॅमिली."

यात स्पेलिंगची चूक नाही, ग्रामरची नाही. पण मला सांग, हा कुठल्या पिक्चरचा रिव्ह्यू आहे? कुठल्याही. हॉररला पण चालेल. तुझे सर म्हणतात सगळीकडे चालतो, तोच तर प्रॉब्लेम आहे, सगळीकडे चालणारा रिव्ह्यू म्हणजे पिक्चर न बघता लिहिलेला रिव्ह्यू. पाच वाक्यांत पाच मतं, आणि एकाही मताखाली कारण नाही. वर त्या ताईंना जे सांगितलं तेच इथे उलटं लागू पडतं, तिथे दुसऱ्याच्या मताला कशावरून विचारायचं, इथे स्वतःच्या. पॅसेजमधे नागमोडी रेघा ओळखायच्या, रिव्ह्यूमधे प्रत्येक नागमोडी रेघेखाली एक सरळ रेघ तूच आणून ठेवायची.

बरं हे एकट्याने होत नाही, कुणीतरी विचारावं लागतं. माझ्याकडे एक मुलगी होती, तिने असंच लिहिलेलं, 'द मदर्स रोल इज एक्सलंट'. म्हटलं कशावरून? म्हणे "मॅडम छान केलंय तिने काम." अगं पण काय केलंय? मग विचार करून म्हणाली, "ती ना डबा भरताना रडत असते, पण पोळ्या मोजायचं थांबवत नाही." झालं की! हेच लिहायचं. "द मदर वीप्स व्हाइल पॅकिंग द टिफिन, बट शी डजन्ट स्टॉप काउंटिंग द चपातीज." साधं वाक्य आहे, आठवीच्या मुलाला जमेल असं इंग्लिश, आणि आता एक्सलंट हा शब्द लिहायची गरजच उरली नाही. तुझ्या डोक्यात पण असे सीन आहेत, पिक्चर बघून आल्यावर टपरीवर मित्रांना काय सांगतोस ते आठव, तिथे तू "म्युझिक इज मेलोडियस" म्हणत नाहीस ना, तिथे म्हणतोस "अरे ते गाणं मधेच कशाला घातलं, सगळा मूडच गेला." तोच तुझा म्युझिकचा मुद्दा.

पेपरात बहुतेक वेळा मुद्दे दिलेले असतात, स्टोरीलाइन, कॅरेक्टर्स, म्युझिक, मेसेज, असे. चार मार्कांसाठी शंभर-दीडशे शब्द पुरे, त्यात स्टोरीला तीन वाक्यांच्या वर जाऊ नको. मुलं अख्खी स्टोरी लिहितात, इंटरव्हलनंतरची सुद्धा, आणि शेवट पण फोडून टाकतात, मग मतासाठी जागाच राहत नाही. स्टोरी सांगताना साधा वर्तमानकाळ, 'अ बॉय कम्स टू नाशिक रोड स्टेशन विथ वन बॅग' असा, 'केम' नको. तुझा स्वतःचा अनुभव मात्र भूतकाळात, 'आय फाउंड द सेकंड हाफ स्लो'. हा काळांचा घोळ मी कायम बघते, रिपोर्ट रायटिंगची सवय असते त्यामुळे सगळंच भूतकाळात जातं.

आणि एक तरी खोट काढ. ज्यात काहीच वाईट नाही असा रिव्ह्यू जाहिरातीसारखा वाटतो. कुठे खोट आहे ते कळत नसेल तर आठव की कुठल्या सीनला तू खिशातून मोबाईल काढलास. तिथे पिक्चर ढिला पडला होता. पण 'बोरिंग' लिहून सोडू नको, का पडला ते लिही, सीन लांबला, की तेच भांडण दुसऱ्यांदा दाखवलं, की हीरोला सगळंच आपोआप मिळत गेलं.

शेवटी 'एव्हरीवन मस्ट वॉच' नको. सगळ्यांनी बघावं असं काही नसतंच. कुणी बघावं ते सांग, ज्यांना हाणामारी नको असेल त्यांनी, ज्यांचा मोठा भाऊ घर सोडून गेलाय त्यांनी, असं. आणि सुरुवातीला नाव, कुठल्या भाषेतला, कुणी काढला, एवढं एका वाक्यात.

बुकचा रिव्ह्यू निवडणार असशील तर मग पुस्तक खरंच वाचलेलं असू दे, मागच्या कव्हरवरून लिहिलेले रिव्ह्यू तपासणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत कळतात.

जाता जाता, भारतातला पहिला फुल लेंथ पिक्चर १९१३ साली काढणारे दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. नाशिकच्या पोराने पाठ केलेला फिल्म रिव्ह्यू लिहावा हे मला तरी पटत नाही. तुझ्या सरांना हे दाखवलंस तरी चालेल.

प्रश्न: माझा नातू नववीत आहे. शाळेतून काही लिहून आणायला सांगितलं की तो मोबाईलवर एआयला विचारतो आणि ते म्हणेल ते उतरवतो. इंग्लिश अगदी सुरेख असतं, पण त्याला एक वाक्य समजावून सांग म्हटलं तर येत नाही. मोबाईल काढून घ्यावा का? (एक आजोबा, देवळाली कॅम्प)

उत्तर: काका, मोबाईल काढून घेतला तर तो मित्राच्या मोबाईलवर करेल. त्यापेक्षा त्यालाच कामाला लावा. त्याला म्हणावं, पांडवलेणीवर त्या एआयकडून इंग्लिशमधे दीडशे शब्द लिहून घे आणि प्रिंट काढ. मग रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत दोघं जा, तुमचे गुडघे साथ देत असतील तर वरपर्यंत, नाहीतर तुम्ही खाली फाळके स्मारकात बसा आणि त्याला पाठवा. त्याने ओळ न् ओळ तपासायची. लेणी किती आहेत, २४ च्या आसपास मोजता येतात का? कुठल्या धर्माची? पांडवांची म्हणून लिहिलं असेल तर तिथेच पकडायचं, नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध आहेत, साधारण इसवी सनाच्या आगेमागे दोन-तीनशे वर्षांत कोरलेली. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा शिलालेख आहे, दहा नंबरमधे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा, हे त्या प्रिंटमधे आलंय का? तिथल्या पाट्या काय म्हणतात? शिलालेखांची ब्राह्मी लिपी त्याला वाचता येणार नाही, पण इंग्लिश पाट्या वाचता येतील, आणि पाटी वाचणं म्हणजे नॉन-फिक्शन वाचणंच, शाळेत ज्याचे मार्क मिळतात ते.

घरी आल्यावर त्याच्याकडून भेटीचा रिव्ह्यू लिहून घ्या, पायऱ्या, सावली, स्वच्छता, पाट्या वाचता येतात की पुसल्यात, वरून काय दिसतं. त्याच्या पायाला गोळा कुठल्या पायरीला आला ते एआयला माहीत नसतं, त्यामुळे ते त्याला स्वतःच लिहावं लागेल. इंग्लिश तेवढं सुरेख होणार नाही. चालेल.

प्रश्न: सीबीएसई दहावी. लाँग पॅसेज ठीक जातो, केस-बेस्डमधे ग्राफ किंवा टेबल असतं तिथे मुलाचे मार्क जातात. (पाथर्डी फाटा)

उत्तर: तुमच्याकडे दोन पॅसेज मिळून २० मार्क, पहिला मोठा चारशे-साडेचारशे शब्दांचा आणि दुसरा दोनशे-अडीचशे शब्दांचा, ज्यात आकडे, चार्ट वगैरे असतात. मुलं टेबल वाचत नाहीत, त्यातला सगळ्यात मोठा आकडा शोधतात आणि उत्तर देतात. पावसाळ्यात पेपरात धरणांचं टेबल येतं बघा, गंगापूर, दारणा, कडवा, मुकणे, या वर्षी किती टक्के आणि मागच्या वर्षी याच दिवशी किती. त्याच्यावर रोज पाच मिनिटं बसवा. आधी टेबलाचं डोकं वाचायचं, हे टक्के आहेत की दलघफू (दशलक्ष घनफूट), कुठल्या तारखेचे, मगच आकडे. मग तीन वाक्यं इंग्लिशमधे तोंडी, 'रोज शार्पली', 'रिमेन्ड स्टेडी', 'ऑलमोस्ट डबल्ड' असले शब्द वापरून. आणि मग एक असा प्रश्न ज्याचं उत्तर टेबलात थेट नाही, म्हणजे इकडे दारणातून विसर्ग वाढवला तर काही तासांनी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याला आणि पुढे जायकवाडी धरणाला काय होईल. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावरून पुराचा अंदाज बांधणाऱ्या गावातला मुलगा आहे तो, खूण बघून अनुमान काढायचं त्याला शिकवावं लागत नाही, फक्त इंग्लिशमधे बोलायला लावावं लागतं. स्टेट बोर्डवाल्यांनी पण हे करा, दहावीला इन्फर्मेशन ट्रान्सफर (टेबल-चार्टवरून परिच्छेद किंवा उलट) ५ मार्कांना आहेच.

प्रश्न: मॅडम, मी पेठ तालुक्यात आश्रमशाळेवर शिकवतो. तुम्ही लोक इंग्लिश पेपर वाचा म्हणता, आमच्याकडे तो येतच नाही. मुलं घरी कोकणा बोलतात, मराठीच त्यांना दुसरी भाषा, इंग्लिश तिसरी. पिक्चर पण फार बघितलेले नसतात, मग रिव्ह्यू कशाचा लिहून घेऊ? (एक शिक्षक)

उत्तर: सर, शहरातल्या लोकांना सल्ला देणं सोपं असतं हे मान्य. पण इंग्लिशमधे छापलेली माहिती तुमच्या शाळेत पण आहे, आपण तिला वाचायचं साहित्य समजत नाही एवढंच. बियाण्याचं पाकीट, खताची गोणी, तेलाच्या पिशवीची मागची बाजू, ऑफिसातल्या आग विझवायच्या सिलिंडरवरच्या सूचना. सगळ्यात चांगलं म्हणजे ओआरएसचं पाकीट, प्रथमोपचाराच्या पेटीत असेलच. त्यावर इंग्लिशमधे छापलेलं असतं की अख्खं पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवा आणि केलेलं पाणी २४ तासांत वापरा. त्यावर प्रश्न काढा. किती पाणी? हे झालं शोधून लिहायचं. मग, "काल सकाळी आठला केलेलं पाणी आज दहाला उरलंय, काय करायचं?" याचं उत्तर पाकिटावर लिहिलेलं नाही, पण पाकिटावरूनच निघतं. टाकून द्यायचं. कशावरून? २४ तास. झाला की कॉम्प्रिहेन्शनचा सगळ्यात अवघड प्रकार शिकवून, आणि मुलगा घरी जाऊन आईला पण सांगेल. अजून एक विचारा, एक लिटर कसं मोजायचं, घरात काय आहे ज्यात एक लिटर बसतं. यावर वर्गात जो वाद होतो तो होऊ द्या, कोकणामधे झाला तरी होऊ द्या.

रिव्ह्यूचं म्हणाल तर तुमच्या मुलांनी बोहाडा (मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचवायचा उत्सव) बघितलेला असतो, शहरातल्या मुलांनी नुसता मॉलमधला पिक्चर. मला विचाराल तर विषय तुमच्याकडे जास्त चांगला आहे. कुठल्या गावचा बोहाडा भारी झाला, कुठलं सोंग चांगलं नाचलं, मुखवटा जड होता का, संबळवाला थकला का, पहाटेपर्यंत लोक थांबले की उठून गेले. यावर मुलांना मतं असतात आणि कडक असतात. आधी त्यांच्या भाषेत बोलू द्या, मग मराठीत फळ्यावर चार मुद्दे, मग इंग्लिशची तीन वाक्यं, तीनच. काय बघितलं, काय आवडलं आणि का, काय नाही आवडलं आणि का. 'बिकॉज' हा एक शब्द पक्का झाला तरी महिना सत्कारणी लागला समजा. मुखवट्याला, सोंगाला इंग्लिश शब्द शोधत बसू नका, 'सोंग' असंच लिहू द्या, पुढे एका वाक्यात ते काय असतं ते सांगायला लावा, म्हणजे माहिती देणारं वाक्य पण आपोआप लिहून होतं.

आणि वह्या तपासताना सुरुवातीला स्पेलिंगला लाल पेन लावू नका. ज्या मताला कारण नाही तिथे फक्त एक प्रश्नचिन्ह काढा आणि वही परत द्या. मुलाने कारण लिहून आणलं की मग स्पेलिंग बघा, तोवर तो लिहिता झालेला असतो. जमलं तर दोन-तीन रिव्ह्यू मला पाठवून द्या, मुलांची नावं काढून, पुढच्या अंकात छापू.

कवितेच्या अप्रिसिएशनवर आलेले प्रश्न राहिलेत ते पुढच्या वेळी घेते. पत्ता तोच, आणि मजकूर पाठवताना इयत्ता आणि बोर्ड लिहायला विसरू नका, अर्ध्या जणांनी लिहिलेलंच नव्हतं.